रिपेअरचं टेबल

गुरुवार, संध्याकाळ. सिंदी मेघे.

कारखान्यात आज मी सर्किट बोर्डावर तार जोडताना गरम सोल्डरवर फुंकर मारली. ती मारायची नसते. सोल्डर आपोआप थंड होऊ द्यायचं, नाहीतर जॉइंट आतून कच्चा राहतो. समोरच्या सूचनांच्या कागदावर तसं लिहिलेलंच आहे. शेजारच्या कुसुमनं पाहिलं.

“काऊन फुंकलं वं? मले त वाटलं, तू चहाबी फुंकत नसशीन.”

माझं लक्ष का उडालं, ते तिला माहीत होतं. थोड्या वेळापूर्वी आमचे सुपरवायझर वानखेडे सर तिच्यासमोरच मला म्हणाले होते, सोमवारपासून रिपेअरच्या टेबलावर बसा, पगारही वाढेल. तिथं कागद नाही. बंद पडलेला बोर्ड घ्यायचा आणि दोष कुठं आहे ते आपणच ठरवायचं.

ठरवायचं. माझ्या नवऱ्याची, मनोजची, तेरवी झाली तेव्हापासून घरी तेच. सासूबाईंचं ऑपरेशन, मुलीची शाळा, मनोजची गाडी ठेवायची की विकायची. सगळे माझ्याकडे पाहतात. मला काहीच वाटत नाही, आणि तेही मी कोणाला सांगत नाही. फक्त कारखान्यात माझ्या जागेवर कोणी विचारत नाही. कागद सांगतो, मी करते. एम.ए.ला असताना अशा सांगितलं तेवढंच करण्याला मी कोणता शब्द वापरला असता? आठवत नाही.

ती फुंकर मात्र... कशी गेली, कळलं नाही. जॉइंट करडा पडला, म्हणजे कच्चाच राहिला. सोल्डर काढून पुन्हा केला.

सुटी झाल्यावर फाटकापाशी कुसुम म्हणाली, “नाई जायचं त नाई म्हन न सरायले. त्यात काय?”

“माझ्यासाठी तू सांगशील त्यांना?”

ती खूप हसली. माझ्या पाठीवर थाप मारून ऑटोत बसली.

मी गंमत करत नव्हते.