रेनिल्दाचं उजवीकडचं हृदय

३ ऑगस्ट
आज बालवाडीत शरीराचा तास. कापडी फुप्फुसं, जठर, आतडी लावलेला एप्रन घालून दवाखान्यातून गेले. पोरांनी पाच मिनिटांत माझं पोट रिकामं केलं! परत लावताना रेनिल्दानं हृदय उजवीकडे चिकटवलं. म्हटलं, डावीकडे गं. तर म्हणे, "माझं इथं वाजतं." समोरून बघताना सगळ्यांचीच गल्लत होते. मी तिचा हात धरून नीट लावून दिलं.

मग उड्या मारून नाडी मोजायचा खेळ. रेनिल्दा त्यात नव्हती. तिचं हृदय अशक्त – तिच्या दवाखान्याच्या कार्डावर तसं लिहिलंय. सगळ्यांच्या चपला सांभाळत भिंतीशी बसली होती.

४ ऑगस्ट
त्या चपला काही डोक्यातून जात नाहीत.

६ ऑगस्ट
आज बालवाडीत स्टेथोस्कोप नेला. वर्गातला फिदेलिस रेनिल्दाची छाती ऐकून ओरडला, "हिच्यात काही वाजतच नाही!" तिनं शांतपणे चकती उचलून उजवीकडे ठेवली. "आता ऐक."

मग मी ऐकलं. डावीकडे पुसट, लांबून आल्यासारखं. उजवीकडे ठणठणीत!

तशीच तिच्या घरी गेले. तिची आई गोरेती मागावर बसली होती. "म्हणजे काही वाईट का, नर्सबाई?" मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१० ऑगस्ट
पहिल्या बोटीनं तिघी लारांतुकाच्या मोठ्या इस्पितळात. एक्स-रे काढला. डॉक्टर हसतच बाहेर आला – आतलं सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं, यकृतसुद्धा, पण पोरगी धडधाकट. पळू दे, पोहू दे. गोरेतीनं तीनदा विचारलं, "पळू दे?"

हुश्श. परतीच्या बोटीत मक्याचे पोहे खाता खाता रडू आलं. किती हलकं वाटतंय!

१३ ऑगस्ट
गोरेती रेनिल्दाचं कार्ड घेऊन आली. "एवढं खोडून द्या." दीड महिन्याची असतानाची नोंद – ठोके क्षीण, दगदग नको. अक्षर माझं. तेव्हा मी फक्त डावीकडे ऐकलं होतं. सहा वर्षं पोर बसून राहिली ती माझ्यामुळे.

खोडलं. आणि तोंडातून निघून गेलं – "आधीच्या नर्सनं लिहिलं असेल."

१५ ऑगस्ट
गोरेतीच्या दारावरून दोनदा गेले. आत जायचं धाडस होईना. लाज वाटते.

१७ ऑगस्ट
आज आमच्या या बेटांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून पोरांच्या शर्यती. रेनिल्दा पोत्यात शिरली, दोनदा पडली, शेवटची आली. लगेच म्हणाली, "परत!"

दोरीपाशी गोरेती उभी होती. तिला सांगून टाकलं, कार्डावरचं ते मीच लिहिलं होतं. तिची नजर लेकीवरून हलली नाही.

"ठाऊक आहे. खाली तुमची सही होती. मला वाचता येतं, नर्सबाई."

मग हातातल्या रेनिल्दाच्या चपला तिनं माझ्या हातात दिल्या. "आता तुम्ही सांभाळा."