फ्यूजच्या जागी तांब्याची तार

धावजीभाऊ,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हंजे लालसिंगचा, वाकून रामराम. गुडघा कसा आहे? वहिनी बऱ्या? इकडे आम्ही सारे खुशाल. (खुशाल कसे राह्यलो, तेच सांगाले बसलो. फोनच केला असता, पण तो तुमच्या उज्ज्वलेच्या कानाले चिकटून आहे. काहून, ते पुढं येते.)

आमच्या पोरीच्या, खुशीच्या बारशाले तुम्हाला येता आलं नाही. लाइटीचा भरोसा नाही, म्हणून मी सोलरच्या चार बॅटऱ्या इन्व्हर्टरले जोडल्या होत्या. पण कूलर आन् मिक्सर संग लावला का फ्यूज उडे. शेवटी मले राग आला. फ्यूज फेकला, तिथं तांब्याची जाड तार कसून बांधली. (उज्ज्वला नको म्हणत होती, असं तीच सांगते.) मंग सारं चाललं, माइकही. मी पाहुण्यांत छाती काढून फिरून राह्यलो होतो.

बॅटरीच्या वायरी गेल्या होत्या लोखंडी पलंगाच्या पायाखालून. त्या पलंगावर तानाबाई मावशी बसल्या (त्यांचं वजन तुम्हाला माहीत आहे), वायरी चेपल्या, एकीले एक लागल्या आन् धूर! वायर लालभडक, बाजूलेच पाळणा. मी "लाइट बंद करा" म्हणून बोंबललो. (लाइट सकाळचीच गेलेली होती.) तुमच्या बहिणीची सासू, आमची याडी, पाण्याची बादली घेऊन धावली. उज्ज्वलेनं पाळणा ओढला, याडीले थांबवलं आन् कोरड्या काठीनं बॅटरीचा चिमटा उडवला. मंग पोरीले छातीशी धरून खाली बसली. खुशी झोपलेलीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फ्यूज आणाले महागावले गेलतो. दुकानदार म्हणे, "हा मोठा घ्या, कधीच उडणार नाही."

उज्ज्वला म्हणे, "मंग घेऊ कायले? वायर तापायच्या आधी उडते तो द्या. आन् मीटरजवळचा नको, बॅटरीचा, डी.सी.चा द्या." (सोलरवाल्याले तिनं फोनवर अर्धी दुपार पिळून काढलं होतं.)

आता जाड वायर आहे, बॅटरीच्या प्लसले लागूनच फ्यूज आहे. कूलर, मिक्सर संग चालते. सारा तांडा उज्ज्वलेले फोन करून कोणता फ्यूज लावाचा ते विचारते.

तुमचा,
लालसिंग

ता. क. : आजूबाजूच्या तांड्यांतूनही तिले फ्यूज बसवाले बोलावणी आहेत. तुमची मोटरसायकल नुसती उभी आहे म्हणे. थोडे दिवस द्या, मी तिले मागं बसवून फिरवीन.

ता. क. दुसरा : भिया, मी तुझी बहीण उज्ज्वला. गाडी नक्की पाठव. मी चालवीन. हे मागं बसतील, पाने-पकडीची पिशवी धरून.