चोवीस ग्रॅम, आठ नंबर

मी, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणारी आणि त्याच दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. असे कोणी म्हटले की मला ती जास्तच लागते.

१. दोन्ही खोल्या, बँकेतील शिल्लक व दागिने माझ्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे ठकीला, मिळावेत.

२. शिवणयंत्र नणंदेला. तिने ते दोन दिवसांसाठी म्हणून नेले, ते तिच्याकडेच आहे. आता परत आणण्याची तसदी घेऊ नये.

३. माझ्या यजमानांची बारा बोअरची बंदूक ठकीला. परवान्याचे सोपस्कार होईपर्यंत ती नेमबाजी क्लबच्या कपाटात राहील. तेथील बंदूकदुरुस्तीवाले काका हे मृत्युपत्र अमलात आणतील.

४. काडतुसे. खरे तर या कलमासाठीच मी कागद पुढे ओढला.

लोखंडी कपाटात खालच्या खणात चोवीस ग्रॅम छर्ऱ्यांची, आठ नंबरची काडतुसे आहेत. ती सर्व ठकीची. क्लबच्या मैदानात पुढच्या रेषेवरून उडत्या मातीच्या तबकडीवर बार टाकायला तेवढी पुरतात. नंबर मोठा तितका छर्रा बारीक, आणि बारीक छर्रे दाट पसरतात. त्यातले दोन-तीन नीट लागले तरी तबकडी फुटते. तिचा भुगा झाला म्हणून कोणी जास्त गुण देत नाही.

वरच्या खणात अठ्ठावीस ग्रॅमची, साडेसात नंबरची आहेत. मागच्या रेषेवर गेल्यावर छर्रा थोडा जाड लागतो, लांब जाईपर्यंत जोर टिकवतो. पण हाडाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय तिने त्यांना हात लावू नये. स्कूटर घसरून तिचे उजवे गळपट्टीचे हाड मोडले, त्यात धातूची पट्टी बसवली आहे, आणि बंदुकीचा दस्ता नेमका तिथेच टेकतो; ग्रॅम जितके जास्त, तितका बार उडताना त्याचा धक्का जोरात बसतो. पुन्हा मोडले तर खांदा पहिल्यासारखा होणार नाही, असे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले.

दाराजवळच्या पेट्या माझ्या धाकट्या भावाच्या आहेत. बत्तीस ग्रॅमची काडतुसे, जलद पेटणाऱ्या दारूची. क्लबात त्याला तोफ म्हणतात ते उगाच नाही. त्याने त्या ठकीला भेट दिल्या. गेल्या महिन्यात मी दुकानात अडकले होते, तेव्हा तो तिला क्लबात घेऊन गेला आणि म्हणाला, "बत्तीसचं घे गं, भुगा होईल तबकडीचा."

ती म्हणाली, "हो मामा."

संध्याकाळी तिला वेणी घालता येईना. विचारले तर म्हणे काही नाही. तेव्हापासून चाप ओढण्याआधी तिचे डोळे मिटतात. मला तबकडीची पर्वा नाही, खांद्याची आहे. माझ्या पोरीला वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येत नाही. माझ्यामागे तिला तोच एक आधार. अपघातानंतर तिला रोज दवाखान्यात नेणारा तोच, तिच्यासाठी रडणाराही तोच. तो वाईट असता तर मला एवढा घोर लागला नसता, सरळ दार लावून घेतले असते.

म्हणून त्या पेट्या त्याला परत कराव्यात. त्याने तिला स्वतःचे एकही काडतूस देऊ नये.

५. माझ्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, आणि त्याने व्हावेच. सहीआधी त्याने कलम चार ठकीसमोर मोठ्याने वाचावे. मध्ये खोकू नये.

६. मी ऑपरेशननंतर घरी परतले तरी कलम चार लागू समजावे.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनआधीचा शनिवार

लिहून देणार: ठकीची आई (सही)

साक्षीदार पहिला: बंदूकदुरुस्तीवाले काका (सही)

साक्षीदार दुसरा: भाऊ (सही). मोठ्याने वाचले. चोवीस ग्रॅम पुरतात हे मला अजून पटलेले नाही. पेट्या आत्ताच गाडीत ठेवल्या. ठकी एक उचलायला आली होती, तिला उचलू दिली नाही.