वास न घेतलेल्या फुलांचं सरबत

आई, आज सरबत गाळत असताना तुझ्या नातीनं चमचाभर चाखलं आणि "इनफ शुगर, मॉम?" असं विचारलं, आणि मी गाळायचं फडकं तसंच हातात धरून उभी राहिले. अर्धं सरबत ओट्यावर ठिबकलं. तिला वाटलं मला चक्कर आली. "आर यू ओके?" म्हणत तिनं खुर्ची सरकवली. चक्कर नव्हती गं. त्या तीन शब्दांनी एक गोष्ट मला इतक्या वर्षांनी कळली, आणि ती जिला सांगायची ती तूच आहेस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. ओटा तिनं पुसला. चिकट राहिला आहेच, पण मी बोलले नाही.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. तू मे महिन्यात आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आलीस. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, मला दिवस गेले होते, आणि तुझं परतीचं तिकीट जुलैअखेरचं होतं. "डोहाळजेवण करते आणि जाते," हे तू विमानतळावरच सांगून टाकलंस, तुझी बॅगसुद्धा अजून यायची होती. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असतं?" गाडीत तू जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलंस, की तुला पहिलं मूल होईपर्यंत तुझ्या आईनं तुझ्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, येताना स्वतःचा तांब्या भरून आणायची. तू तेवढी कडक नव्हतीस. तू जेवायचीस, पण त्या जेवणाच्या बदल्यात दिवसभर राबायला हवं असं तुझं म्हणणं होतं, आणि आमच्या घरात राबायला काही नव्हतं. "कपडे मशीन धुतं, भांडी मशीन धुतं, मी काय शोभेला बसू?" म्हणून तू ह्यांच्या मोज्यांना इस्त्री करायला लागलीस. ऑफिसात बूट काढायची वेळ आली तर लोक काय म्हणतील ह्याची ह्यांना काळजी.

आणि मला तू हवी होतीस सप्टेंबरपर्यंत, बाळ येईपर्यंत, आल्यानंतरही. पण ते तोंडातून निघत नव्हतं. तू मला हौसेनं कॉन्व्हेंटमध्ये घातलंस. तिथल्या सिस्टरांनी मला काटा कुठल्या हातात धरायचा, प्लीज कधी, थँक्यू कधी, सगळं शिकवलं. आईला "राहा ना गं" कसं म्हणायचं, ते मात्र तिथे शिकवत नव्हते, आणि आपल्या घरात तर तशी पद्धतच नव्हती. मी नुसती रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची आणि तुला विचारायची, "चहा टाकू?"

तुझं एक काम मात्र तिथेही चालू होतं: सकाळी देवासाठी फुलं. येताना तू परडी घेऊन आली होतीस. फुलं दुसऱ्याच्या कुंपणावरचीच आणायची, ही आपल्याकडची रीत तू मिशिगनमध्ये जशीच्या तशी चालू केलीस. जूनमधली ती सकाळ मला आत्ताही दिसते आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. रस्त्यापलीकडे, समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या घराला लागून जी ओढ्यासारखी चर होती, तिच्या काठावर तू: पांढरी साडी, वर ह्यांचा बर्फातला निळा जाडजूड कोट, पायात माझे कॅनव्हासचे बूट, आणि छत्रीच्या मुठीनं एक फांदी खाली ओढते आहेस. फांदीवर छोट्या पांढऱ्या फुलांचे बशीएवढे झुबके. आणि समोरची बाई ड्रेसिंग गाऊनवर पायऱ्या उतरून तुझ्याकडे येते आहे. मी तशीच सपाता घालून धावले. पोट सांभाळत, तोंडात "आय ॲम सो सॉरी" तयार ठेवून.

ती रागावलेली नव्हतीच. तिचे डोळे भरून आले होते. तिची आई इंग्लंडहून आलेली, ती दर जूनमध्ये ह्याच फुलांचं कॉर्डियल करायची. एल्डरफ्लॉवर म्हणतात, ती म्हणाली. आई गेल्यापासून ती फुलं तोडताना तिनं दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. "तुझी आईसुद्धा कॉर्डियल करणार?" तिनं विचारलं.

"काय म्हणते ती?" तू विचारलंस.

"ह्या फुलांचं सरबत करतात म्हणते."

"सरबत?" तुझा चेहरा असा उजळला, की महिन्याभरात मी तो तसा पाहिला नव्हता. कोकमाचं, पन्ह्याचं, वाळ्याचं, सगळी सरबतं करून झालेली बाई तू. आणि इथे एक न केलेलं सरबत रस्त्याच्या कडेला फुकट लटकत होतं.

तेवढ्यात त्या बाईनं परडीत नाक खुपसून एक मोठा श्वास घेतला.

"अगं बाई! हुंगलंन्! सगळी परडी हुंगली! आता देवाला काय घालू, हिचं नाक?"

"शी सेज दे आर लव्हली," मी सांगितलं. तिथपासून मी दुभाषी झाले, आणि सिस्टरांच्या शिकवणीला जागून तुम्हा दोघींची भांडणं मी दोन्ही बाजूंनी गोड करून पोचवत राहिले. ती म्हणायची, "तुझी आई फार हट्टी आहे." मी तुला सांगायची, "तुझं कौतुक करते आहे." तू म्हणायचीस, "हिला सांग, आम्हाला सरबत शिकवू नको." मी तिला सांगायची, "थँक्यू म्हणते आहे." तुम्हा दोघींची मैत्री बरीचशी मीच रचलेली होती असं मला तेव्हा वाटायचं.

ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, की प्रत्येक झुबका तोडण्याआधी हुंगून पाहायचा. चांगल्या फुलाला मध-लिंबासारखा वास येतो. फार उमलून गेलं की ते मांजरानं घाण केल्यासारखं वास मारतं. मी ते तुला सांगितलं. पण तुझा मुद्दा पक्का होता. सरबत झालं की पहिली वाटी देवापुढे जाणार. हुंगलेल्या फुलाचा नैवेद्य कसा चालेल? म्हणून पहिल्या खेपेची फुलं तू एकही न हुंगता, नजरेनं निवडून तोडलीस, देठ काढलेस, साखरेच्या कढत पाकात लिंबाच्या चकत्यांबरोबर बुडवलीस आणि तुझ्या स्टीलच्या पातेल्यावर ताट झाकून ठेवलंस. दुसऱ्या दिवशी ताट काढलं तेव्हा मी खिडकी उघडली. मग दुसरी खिडकी उघडली. तू नैवेद्य दाखवलास, हात जोडलेस, आणि मग पहिला ग्लास, रिवाजाप्रमाणे, जावयाला.

ह्यांनी सासूबाईंसमोर तो ग्लास एका दमात संपवला. डोळे लाल झाले. "छान आहे, आई." त्यावर तू त्यांना दुसरा ग्लास दिलास. तोही संपला. तिसरा भरायला लागलीस तेव्हा त्यांना ऑफिसची आठवण झाली. रविवार होता. मग तू स्वतः घोट घेतलास, तोंड वेडंवाकडं केलंस आणि म्हणालीस, "जावईबापू फार सोसतात गं तुझ्यासाठी."

दुसऱ्या खेपेला तू तोड काढलीस. समोरची बाई झुबका हुंगेल, त्या वेळी तू तिच्याकडे पाठ करून उभी राहणार. तू पाहिलं नाहीस म्हणजे ते झालंच नाही. ती हुंगायची, "ओके!" म्हणायची, तू वळून तोडायचीस, पुन्हा पाठ फिरवायचीस. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. फुलं उत्तम मिळाली. घरी आणून तू ती तीन पाण्यांतून धुतलीस, आपण पालेभाजी धुतो तशी खळबळून, कारण गाड्यांचा धूर. सरबत झालं लिंबाचं. निव्वळ लिंबाचं. बाई आली, चाखलं आणि कपाळाला हात लावला. "वॉश केली? अगं, पिवळा पराग धुऊन टाकला! सगळा वास त्यातच असतो!"

"न धुता?" तू माझ्याकडे पाहिलंस. "फुलं न धुता खायची? विचार तिला, आंघोळ तरी करतात का ह्या बायका?"

"शी सेज थँक्यू," मी म्हणाले.

तिसरी खेप डोहाळजेवणासाठी. तिकिटाला मोजके दिवस उरले होते. फुलं हुंगलेली, न धुतलेली, नुसती झटकून किडे काढलेली. तू बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून ते गाळते आहेस, पिवळसर धार पडते आहे, आणि घरभर असा वास आहे की मला एकदम रडू यावं. बाई ओट्याशी उभी आहे. देवाची वाटी आधी झाली, मग तिनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. मग ते उघडून तुझ्याकडे बघत तिनं काहीतरी विचारलं. अगदी छोटंसं.

"काय म्हणते?" तू विचारलंस.

आणि मी म्हणाले, "ती विचारते आहे, बाळ येईपर्यंत तुम्ही राहणार ना?"

तू गाळणं थांबवलं नाहीस. फडकं पिळलंस, परत पिळलंस. बाईकडे एकदा पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंच नाहीस. "तिला सांग, राहीन," तू म्हणालीस. "एवढं कुणी विचारतंय तर राहीन. आणि साखर पुरेशी घातली आहे म्हणावं."

मी बाईकडे वळून "येस, येस," एवढंच म्हणू शकले. नाक ओढत होते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिकीट बदलून आणलं आणि मोज्यांना इस्त्री चालूच राहणार हे ओळखून नवे मोजेही आणले.

साखर पुरेशी नव्हती. बाबांना शुगर निघाल्यापासून तुझा हात साखरेला आखडला तो कायमचाच. डोहाळजेवणाच्या दुपारी काकू मंडळी माझी ओटी भरत असताना सरबताच्या पहिल्या बाटलीचं बूच उडालं आणि छताला लागून एका पुण्याच्या काकूंच्या खोप्यात येऊन बसलं. मग दुसरं. मग कपाटात ओळीनं. साखर कमी पडल्यानं सरबत आंबून फसफसत होतं. "ह्यात काही आहे का हो?" त्या काकूंनी संशयानं विचारलं, तोवर त्यांचे चार ग्लास झाले होते आणि डोहाळ्याचं एक गाणं त्यांनी तीनदा सुरू केलं होतं. "फुलं आहेत," तू शांतपणे सांगितलंस, आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेऊन मला ताक दिलंस. समोरची बाई हसून हसून कोचावर लोळत होती. "आय आस्क्ड हर!" ती मला सांगत होती. "मी विचारलं होतं तिला!" ते मी तुला सांगितलं नाही.

कारण तिनं त्या दिवशी ओट्याशी विचारलं होतं, "इनफ शुगर?" बाळाचं, राहण्याचं तिच्या डोक्यातही नव्हतं. विचारलं मी होतं, तिच्या नावावर. एवढं मला तेव्हापासून माहीत होतं, आणि मनातल्या मनात मी त्याची शाबासकीही घेत होते. आईला कसं फसवलं, इंग्रजी येत नाही बिचारीला.

पण तुला 'शुगर' कळत होतं. आज चमचा हातात घेऊन तुझ्या नातीनं तेच विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रजीतले इतर कुठले शब्द तुला येवोत न येवोत, शुगर तुला येत होतं. बाबांच्या पायी दवाखान्याच्या बाकांवर बसून ते तुला पाठ झालं होतं. बाईनं काय विचारलं ते तू ऐकलंस. मी काय सांगितलं तेही ऐकलंस. आणि फडकं पिळत पिळत दोघींनाही उत्तर दिलंस. मला वाटलं होतं, साखरेचं तू आपलं सहज जोडलंस. इतकी वर्षं वाटत होतं. नातीचं बारसं करून, तिला न्हाऊमाखू घालून, पहिला बर्फ पाहून तू गेलीस, पुढे तशीच जगातूनही गेलीस, आणि त्या दोन वाक्यांबद्दल कधी एक अक्षर बोलली नाहीस. नुसतं दर पत्रात लिहायचीस, "समोरच्या बाईला माझा नमस्कार. तिनं राहा म्हटलं म्हणून राहिले."

समोरची बाईही गेली. त्या चरीचं पुढे पार्किंग झालं. आता आम्ही गाडी काढून शहराबाहेर शेताच्या कडेनं जातो. पहिला झुबका मी न हुंगता तोडते, तो देवाचा. पुढचे तुझी नात हुंगते, मी पाठ करून उभी राहते. "दिस इज सो वीअर्ड, मॉम," ती दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी हुंगते.

ती रविवारी पार पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला परत जाईल. तिकडे नोकरी आहे, पाऊस आहे, तिचं घर आहे. अजून एक आठवडा राहिली असती तर चाललं असतं, असं मला ती आल्या दिवसापासून वाटतं आहे. आणि मी तिला रोज विचारते, "चहा टाकू?" ज्याच्या नावावर विचारावं असं समोर कोणी राहिलं नाही, आणि दुभाष्याची तिला गरज नाही.

हे पत्र बाबांच्या धोतराच्या त्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवते आहे. एवढंच कबूल करायचं होतं, की मघाशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हो, साखर पुरेशी आहे." नाहीये. बुचं आठवड्याभरात उडतील. तेवढं बघायला तरी थांब, असं तिला म्हणता येईल का, ते पाहते आहे.