माझ्या शेजारचा पाहुणा

प्रिय आई,

इथे आयर्लंडमध्ये, नासला थंडी आहे, पण घर उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

गावात एका ब्रिटिश रोमँटिक कॉमेडीचं शूटिंग झालं. त्यात लग्न आपल्या पद्धतीचं. सिनेमावाल्यांकडे पैसे बेताचे, म्हणून लग्नातले पाहुणे आम्ही हॉस्पिटलवाले. कपडे आपापले, जोडीदारही आपापले. मी तुझी मोरपंखी साडी नेसले होते.

सिनेमात माझ्या शेजारी एक उंच माणूस डाव्या हाताने अक्षता टाकताना दिसेल. मी कुजबुजले, "कॉनर, उजव्या हाताने."

तो म्हणाला, "तुझ्या आईला चालणार नाही का?"

तो नट नाही, आई. दोन वर्षं आम्ही सोबत आहोत. हे तुला पडद्यावरून कळू नये, म्हणून लिहिते आहे.

बाबांना मीच सांगेन. तेव्हा तू त्यांच्याजवळ बसून राहा.

तुझीच,
स्वानंदी