डिकीचं दार

प्रिय शिगेकी,

तुझं पत्र मिळालं. डिकीचं दार दुरुस्त करून घे आणि गाडी विकून टाक, ओसाकाचा एक माणूस तयार आहे, एवढंच त्यात आहे आणि शेवटी बाबांच्या चौकशीची एक ओळ. मी रागावले नाही. रागवायला अंगात जोर लागतो आणि माझा सगळा जोर हल्ली सकाळी बाबांना मोजे चढवण्यातच संपतो. त्यांची उजवी बाजू अजून लुळीच आहे. बोलणं 'हं' आणि 'नको' यापलीकडे जात नाही, त्यातलं 'नको' मात्र गल्लीत ऐकू जाईल इतकं स्पष्ट आहे. तातामीचं दुकान मी बंद केलं. गवताच्या चटयांचा वास अजून घरभर आहे, तो कसा बंद करायचा ते मला कळत नाही.

दार अडकलंय हे तुला फोनवर सांगितलं, पण त्या दिवसाचं बाकीचं सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, मीच गिळलं. हिगानात, पितरांच्या आठवड्यात, आईच्या थडग्यावर जायचं होतं आणि माझी छोटी गाडी नेमकी ओगाताच्या गॅरेजात पडलेली. तेव्हा मागच्या शेडमधल्या तुझ्या त्या बसक्या लाल गाडीवरचं कापड काढलं. तू दुकान सोडून गेल्यापासून या घरात तुझं आणि गाडीचं, दोघांचंही नाव काढायची सोय नव्हती, तुला ठाऊक आहेच. बाबा बघत होते, पण त्यांनी 'नको' म्हटलं नाही. ओगातानं बॅटरी जोडून दिली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इतकी वर्षं पडून असलेली गाडी अशी सुरू होते का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. दमलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. डिकीचं दार अर्धवट टेकवलेलं होतं. मी चाकांची खुर्ची घडी करून आत सरकवली, दार दाबून नीट लावलं आणि स्वतःवर खूश झाले.

थडग्यांपाशी पोचल्यावर सीटशेजारचा खटका ओढला, तर तो नुसताच वर आला. मागे 'खट' नाही की काही नाही. परत ओढला, हळू ओढला, झटक्यात ओढला. मागच्या कुलपाला किल्ली लावली, ती गंजामुळे अर्धीसुद्धा आत जाईना. मग सीटांच्या मधून मागे घुसले. या वयात, हिगानाच्या चांगल्या कपड्यांत. कुलपापर्यंत हात पोचेना, कारण मध्ये खुर्चीचं चाक आडवं. खुर्ची काचेतून दिसते, हाताला लागते, पण सीटांच्या मधून बाहेर येत नाही. शेवटी खटक्याखाली छत्रीचा दांडा अडकवला आणि मागे जाऊन दार दाबत बसले, तर दांडा दर वेळी सटकायचा. मात्सुनागाकाकू फुलं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "सुमिए, ही मोटार आहे की तिजोरी?" म्हणाल्या. मी हसले. मला रडायचं होतं. कारण तोवर बाबांना लघवीला लागली होती, देवळाचा संडास पार खडीच्या पलीकडे होता आणि खुर्चीशिवाय त्यांना तिथवर नेणं माझ्याच्यानं शक्य नव्हतं.

तेवढ्यात बाबांनी आपलं दार ढकललं. चांगला डावा हात गाडीच्या पाठीवर टेकवत, पाय ओढत ते मागे निघाले. मी धरायला गेले तर "नको!" म्हणाले. गाडीला कंबर लावून उभे राहिले. मी दार बरोबर मध्यावर दाबत होते; त्यांनी तळहाताची टाच कुलपाच्या जरा उजवीकडे, काचेच्या खाली ठेवली, चटईची कड दाबताना ठेवायचे तशी. मग बोटांनी काचेवर दोनदा टकटक केली. मला काही कळेना. त्यांनी पुन्हा टकटक केली आणि मी लहानपणी दोरा चुकीचा ओवला की बघायचे तसं बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते पडतील या भीतीनं धावतच पुढे गेले, खटका ओढून धरला. बाबांनी वजन टाकलं आणि दार 'खट' करून उघडलं. संडास वेळेत गाठला, ती काळजी नको. परत आल्यावर मी दार लावायला गेले तर त्यांच्या तोंडून चक्क तिसरा शब्द आला. "हळू." तू दार आपटायचास तेव्हा अंगणातून ओरडायचे तोच.

दुसऱ्या दिवशी ओगाताला विचारलं. तो आधी कामात गुंतल्याचं सोंग करत राहिला. मग म्हणाला, "काकांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. बॅटरी बसू नये म्हणून ते दोघं दर महिन्याला गाडी काढायचे. काकू चालवायच्या. आणि कसल्या चालवायच्या!" आपली आई, शिगेकी, दुकानाचा ट्रक चालवणारी आई, तुझ्या गाडीतून बाबांना समुद्रावर न्यायची. डब्याची पेटी डिकीत. बाबा मागे उभे राहून काच वाजवायचे, आई पुढे खटका ओढायची. तुझी गाडी तू येईपर्यंत मरू द्यायची नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि त्या दिवशी, आईच्या थडग्यापासून दहा पावलांवर उभे राहून बाबांनी काच वाजवली आणि खटका ओढला जाईना म्हणून पुन्हा वाजवली. हे मनातून जात नाही. रात्री उठून बसते.

आता हे का लिहिलं ते सांगते. पुढच्या महिन्यात बाबांना सेवाकेंद्रात जागा मिळाली आहे आणि मी हो म्हटलंय. मला ते आता उचलवत नाहीत रे. खरंच दमले आहे मी. ओगाता खटक्याची नवी केबल घेऊन आला होता, अर्ध्या तासाचं काम म्हणाला. मी त्याला चहा पाजून केबलसकट परत पाठवलं. तिथे बाबांना घास कुणी भरवेल, कुशीवर कुणी वळवेल, सगळं दुसराच कुणीतरी करेल. या जगात एकच काम उरलंय जे त्यांच्याशिवाय होत नाही, ते मी अर्ध्या तासात संपवणार नाही. म्हणून गाडी विकायची नाही आणि दारही दुरुस्त करायचं नाही. बाबा केंद्रात त्याच गाडीतून जातील, खुर्ची डिकीत घालून. गाडीत दोनच सीटा आहेत. त्या दिवशी चालवायला तू ये. तिथे पोचलास की त्यांना मागे जाऊ दे, धरू नकोस, आणि काच वाजली की खटका ओढ. पहिल्याच वेळी ओढ, त्यांना दुसऱ्यांदा वाजवायला लावू नकोस.

तुझीच,
सुमिएताई