स्वारगेटपेक्षा जवळचं बेंगळुरू

वेल्हे, रविवार

ती. स्व. इंद्रजितदादांस,

धाकट्या गोरखचा नमस्कार. तुमची पाठ आणि रश्मीवहिनींचा गुडघा आता बरा असेल अशी आशा. इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे बुधवारपर्यंत होतो. (हे फोनवर सांगता आलं असतं, पण आई स्पीकर लावल्याशिवाय बोलू देत नाही, आणि विषय तिचाच आहे.)

तुम्ही आईसाठी पाठवलेलं विमानाचं तिकीट बुधवारी मोबाईलवर आलं. ती घाबरू नये म्हणून मी नीट समजावलं: पुणे ते बेंगळुरू हवेतून साधारण सव्वासातशे किलोमीटर, वेळ दीड तास. किलोमीटर तिने सोडून दिले. आपल्याकडे गाव किती लांब ते तासांत मोजतात, हे इथेच जन्म काढलेल्या मला आठवायला हवं होतं.

"दीड तास? आरं, स्वारगेटला यश्टीनं दोन तास लागत्यात!"

शेजारच्या लीलाबाई ओसरीवर होत्याच. "मंग काय रतनबाई, सकाळचं दूध नासायच्या आत जाऊन येशिला की!"

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग आई हसायची थांबली. "मंग इंद्रजित चार वरसं का आला न्हाई?"

दादा, चार वर्षं या प्रश्नाचं उत्तर देत होतो तो मीच. दर दिवाळीला "बेंगळुरू फार लांब आहे गं" असं सांगत आलो. हे खोटं होतं का? (रोजनिशीत यावर दोन पानं लिहिली. निकाल लागला नाही. रेल्वेने ते खरंच लांब आहे. पण तुम्ही रेल्वेने तरी कधी आलात, हे वाक्य लिहून मी खोडलं.)

चूक निस्तरायला दुसऱ्या दिवशी सगळा प्रवास कागदावर मांडला. वेल्हे ते स्वारगेट, तिथून लोहगाव, विमानतळावर दोन तास आधी, उतरल्यावर तुमच्या घरापर्यंत गर्दीतून आणखी दोन. एकूण साडेआठ तास निघाले. मी जरा अभिमानानेच वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "म्हंजी विमानाचा काय दोस न्हाई. बाकीचंच लांब हाय." आणि पिशवीत भरलेली लसणाची चटणी काढून परत फडताळात ठेवली. "जवळच्यानं यावं. म्या न्हाई जायाची."

दोष माझ्या आकड्यांचा आहे. मी तिची समजूत घालून पाठवतो, तुम्ही काळजी करू नये. बाकी भेटीत बोलू. (हे सवयीने लिहिलं. खोडलं नाही.)

तुमचा,
गोरख

ता. क. समजूत घालतो हे खरं नाही. चार दिवस घालतोच आहे. तिचं तिकीट रद्द करा आणि तेवढ्याच दीड तासाचं स्वतःसाठी काढा, उलट्या दिशेचं. एक मुक्काम केलात तरी पुरे. चटणी फडताळात पुढेच ठेवली आहे, हात लावू देत नाही.

ता. क. २. आईने आत्ता विचारलं, पत्र पोचायला किती दिवस लागतील. मी खरं ते सांगितलं: पाच. "म्हंजी कागदापरीस मानूस लवकर येतंय. मंग कागद कशाला खराब करतूस?" तरी पाकीट टाकतो आहे. ते पोचायच्या आत तुम्ही येऊन गेला असलात, तर न वाचता फाडून टाका.